फोनवर कोणी मरत नाही

शहापूर-मुरबाडकडच्या आमच्या गावांत मयताची खबर फोनवर सरळ सांगत नाहीत. हा नियम कोणी केला ते मला ठाऊक नाही. पूर्वी खबर घेऊन माणूस जायचा. तो दारात उभा राहायचा, आत यायचा नाही, आणि एवढंच म्हणायचा की अमक्याला जास्त झालंय, चला. घरातल्या बाईला पाणी पाजायचं, सोबतीला दोघीजणी द्यायच्या आणि वाटेला लागायचं. खरं काय ते गावाजवळ पोचल्यावर रडण्याचा आवाज आला की कळायचं. आता माणसाच्या जागी फोन आला, बाकी सगळं तसंच राहिलं. फोनवर माणूस सिरियस असतो, फार तर 'जरा जास्तच' सिरियस असतो. माझे वडील गेले तेव्हा मी शहापूरला कॉलेजात होते. मला फोन आला, बाबांना बरं नाय, घरी ये, पण घाई नको करू. 'घाई नको' ऐकल्याबरोबर मी एसटी स्टँडवरच रडून घेतलं.

असे फोन ओळखण्यात आमच्या काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडिलांच्या मागे आमच्या घरावर त्यांचंच छत्र होतं, आणि हे मी रागात असतानाही कबूल करते. आमच्या पाड्यावर नेटवर्क नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर उभं राहिलं तर रेंज मिळते आणि काकांचं घर टाकीला लागून, त्यामुळे अर्ध्या पाड्याचे फोन काकांच्याच नंबरवर येत. ते फोन ठेवून थोडा वेळ उभे राहत आणि मग सांगत की माणूस आहे की गेला. फोन कोणी केला, आजाऱ्याच्या घरच्यानं की कुठल्या लांबच्या पाहुण्यानं, मागे आवाज कसले येत होते, 'बोलतो का' असं विचारल्यावर समोरचा थांबला की पटकन उत्तरला, यावरून ते ताडत. पटकन उत्तरला तर काका मान हलवत. म्हणत, "येवढं तयार उत्तर जित्या माणसाचं नसतं." मला आठवतंय तेव्हापासून त्यांचा अंदाज चुकला नव्हता, आणि पाड्यावर काका म्हणतील ते शेवटचं, असं होऊन बसलं होतं. मलाही लहानपणी त्याचं कौतुक वाटायचं.

माझा दादा मुरबाड-कल्याण रस्त्यावर शेअर जीप चालवायचा. पावसाळ्यात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत जीप दुसऱ्याच्या हाती देऊन घरच्या भातशेतीत उतरायचा. गेल्या वर्षीच्या आधीच्या पावसात आवणी उरकली आणि त्याला ताप भरला. सगळ्यांनाच भरतो, म्हणून त्यानं गोळ्या खाऊन काढला. मग डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखायला लागल्या, लघवी होईना. मुरबाडच्या डॉक्टरनं बघितलं आणि कल्याणला न्यायला सांगितलं. मी तेव्हा आसनगावला खोली घेऊन राहत होते आणि कल्याणला एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होते, म्हणून दवाखान्यात त्याच्यापाशी मी थांबले. शेतात साचलेल्या पाण्यातून होणारा ताप आहे, उंदरांमुळे होतो, असं डॉक्टर म्हणाले. आईला काकांनी सांगितलं होतं की सलाईन लावलंय, दोन दिवसांत घरी येईल. तेव्हा ते खरंही वाटत होतं.

त्या सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. फुप्फुसात रक्त उतरायला लागलंय, दुपारनंतर कदाचित नळी घालावी लागेल, मग तो बोलू शकणार नाही, तेव्हा ज्यांना भेटायचंय त्यांना आत्ताच बोलावून घ्या, असं ते सरळ म्हणाले. मला त्यांचं सरळ बोलणं आवडलं नाही, पण त्यात काही शोधावं लागलं नाही. मी आत गेले. दादा तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाला, "आईला बोलाव." एवढंच. त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

मी बाहेर येऊन काकांना फोन लावला. आमच्याकडच्या रीती मला ठाऊक होत्या, म्हणून मी मुद्दाम शब्द तोलून बोलले. म्हटलं, "काका, नीट ऐका. दादा जिता हाय. बोलतोय. पण डॉक्टर बोलले दुपारनंतर बोलणार नाय. आईला घेऊन आत्ताच्या आत्ता निघा."

काका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरं गो बाय. तुझ्यापाशी कोन हाय?"

"कोणी नाय. मी एकटीच हाय."

"बरं. तू काय खाल्लंस का?"

"काका, तुमी निघताय ना?"

"निघतो. तू शांत रहा."

त्या 'शांत रहा'नं मला बरं वाटलं. फोन ठेवला तेव्हा वाटलं, चला, एक काम झालं. आमच्या गावाहून किन्हवली, सरळगाव, मुरबाड असं करत कल्याणला यायला पावसात दोनेक तास लागतात. दुपारच्या आत आई पोचायला काहीच हरकत नव्हती. मी आत जाऊन दादाला सांगितलं, "निघाले." त्यानं डोळे मिटले. गडी हसला असावा, मास्कमुळे नीट दिसलं नाही.

तिकडे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. काकांनी फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिले. काकूला म्हणाले, पोरगा गेला. काकूनं विचारलं, ती काय बोलली? काका म्हणाले, ती बोलली जिता हाय. बस, एवढ्यावर काकूनं पदर तोंडाला लावला. मी आपणहून 'जिता हाय' म्हटलं होतं. न विचारता म्हटलं होतं. जित्या माणसाला जिता म्हणून कोण सांगतं? शिवाय मी एकटी होते, आवाज कापत होता, आणि आत्ताच्या आत्ता या म्हणत होते. काकांच्या हिशेबानं यात शंकेला जागाच उरली नव्हती. मी जितकं खरं सांगितलं तितकं त्यांना ते खोटं वाटलं.

मग काका कामाला लागले. कोणाच्या घरी मयत झालं की काका जे करत तेच त्यांनी आपल्या पुतण्यासाठी केलं, आणि जीव लावून केलं. पावसात सुकी लाकडं मिळत नाहीत, म्हणून दोघांना शेजारच्या गावात एकाच्या माळ्यावरचा साठा मागायला पाठवलं. बांबू तोडायला सांगितले. कल्याणला कोणी जायची गरज त्यांना वाटली नाही, कारण ॲम्ब्युलन्स घरीच येणार होती. उलट आईला एवढ्या लांब नेऊन तिथं रडवायचं आणि पुन्हा त्याच गाडीतून परत आणायचं, हे त्यांना क्रूरपणाचं वाटलं. आईला काहीच सांगितलं नाही. काकूनं भाकरी थापल्या, सुकटीचं कालवण केलं आणि आईला आग्रह करून जेवायला बसवलं. एकदा बातमी फुटली की दोन-तीन दिवस ती अन्नाला शिवणार नाही, म्हणून पोटात चार घास जाऊ देत, हा विचार. आमच्याकडे असंच करतात. मी स्वतः दुसऱ्यांच्या घरी असं ताट वाढून दिलेलं आहे.

इकडे दादाला रस्ता दिसत होता. दिवसाला किती फेऱ्या मारायचा तो, त्याला त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा पाठ. सिस्टर मला मधूनमधून आत सोडत होती. तो मास्क सरकवून विचारायचा, "कुठं आले?" मी म्हणायची, सरळगाव सोडलं असेल. पुढच्या वेळी मी म्हणाले, मुरबाड. तो म्हणाला, "आज बाजार नाय, स्टँडजवळ जाम नसल." त्याला बोलायला त्रास व्हायचा, मग सिस्टर ओरडायची. पुढच्या वेळी त्यानं स्वतःच म्हटलं, "रायत्याला आले असतील." मी हो म्हटलं. मधल्या वेळात मी काकांना पुन्हा फोन लावला होता. विचारलं, कुठवर आलात? काका म्हणाले, "वाटेत हाय गो, तू काळजी नको करू." मी कशाला शंका घेऊ? काकांनी मला कधी फसवलं नव्हतं. त्यांच्या मते मीच भावाच्या प्रेतापाशी एकटी बसलेली पोर होते, आणि अशा पोरीला आम्ही येत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

कल्याणच्या अलीकडचं रायतं गाव मागे पडायची वेळ टळली तरी आई आली नाही. मी दवाखान्याच्या दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर दादाचा फोटो आला होता. जीपच्या बॉनेटला टेकून, काळा गॉगल लावून काढलेला, त्याचा आवडता. भोवती फुलांची चौकट आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. माझ्या डोळ्यांदेखत त्याखाली हात जोडलेल्या खुणा वाढत गेल्या. ज्यानं फोटो टाकला त्याला मी ओळखत होते, पण त्याला ही बातमी कोणी दिली ते मला विचारायची गरज नव्हती. पाड्यावर बातमी एकाच जागेवरून निघते.

मी आत धावत गेले. दादाची छाती वर-खाली होत होती. मग बाहेर येऊन काकांना फोन लावला आणि जे काही बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. म्हटलं, माणूस आत श्वास घेतोय आणि तुम्ही त्याला फुलं घालताय, लाज वाटू द्या. काका पूर्ण ऐकून घेत होते. मध्ये एकदा कोणाला तरी हळूच म्हणाले, "तिला बसलाय धक्का." मग मला म्हणाले, "व्हय बाय, हाय, जिता हाय. तू पानी पी."

"आईला द्या फोन."

"तिला नाय सांगितलं आजून."

"म्हणजे तुमी घरीच हाव?"

काकांनी फोन ठेवला.

मी सिस्टरच्या हातापाया पडून आत फोन नेला आणि दादाचा फोटो काढला. मास्क लावलेला, उशीवर डोकं, मागे ते मशीन. घाईत काढला, त्या क्षणी त्यानं डोळे मिटलेले होते. काकांना पाठवला. टाकीजवळ उभं राहून चारपाच जणांनी तो पाहिला, आणि सगळ्यांचं मत एकच पडलं. पोराला किती शांत झोपवलंय. व्हिडिओ कॉल करावा तर तिकडे रेंज फोटो उतरवण्यापुरतीही धड नव्हती, आणि सिस्टर आता मला फोन घेऊन आत सोडायला तयार नव्हती. तिचंही बरोबर होतं.

माझ्याकडे सांगायला आता वेगळं काही उरलं नव्हतं. शपथ घेतली तर ती रडणाऱ्या बाईची शपथ ठरली असती. मला काकांचा राग आला. इतका राग मला माझ्या जन्मात कोणाचा आला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही. राग त्यांच्या हुशारीचा जास्त आहे. काका मूर्ख असते तर त्यांनी माझं ऐकलं असतं.

दादाचा एक जोडीदार मुरबाड स्टँडवर जीप लावायचा. त्याचा नंबर माझ्याकडे होता. फोन उचलताच तो म्हणाला, "ताई, बघितलं मी ग्रुपवर. बॉडी किती वाजता मिळनार? मी गाडी घेऊन येतो."

मी म्हटलं, "बॉडी नको नेऊस. आमच्या घरी जा आणि आईला घेऊन ये. काका नको म्हणतील. त्यांचं ऐकू नको."

"बरं," तो म्हणाला. त्याचाही विश्वास बसला नव्हता, त्याच्या आवाजावरून ते कळत होतं. पण त्यानं मला खाल्लंस का, कोण आहे सोबत, असलं काही विचारलं नाही. त्यानं स्टँडवर भरलेली जीप रिकामी केली आणि आमच्या गावाकडे वळवली. मी आत जाऊन दादाला सांगितलं की आता खरंच निघाली. त्यानं विचारलं कोण आणतोय. मी जोडीदाराचं नाव घेतलं. तो थोडं बोलला. मग डॉक्टर आले, मला बाहेर काढलं आणि नळी घातली.

आईला गाडीत बसवताना काका आडवे आले नाहीत. त्यांनी फक्त जोडीदाराला बाजूला घेऊन सांगितलं, की वाटेत तिला काही बोलू नको. आई सरळगावला असेल नसेल तोच दादा गेला. मी काचेतून बघत होते. डॉक्टर बराच वेळ त्याच्या छातीवर दाबत राहिले, मग थांबले आणि घड्याळाकडे बघितलं.

आई आली ती चपला हातात घेऊन आली, एका चपलेचा अंगठा तुटला होता. मला बघून ती थांबली. मी दारातून बाजूला झाले. मग तीच पुढे गेली.

त्याच रात्री पावसात त्याला नेलं. सुकी लाकडं तयार होती म्हणून सगळं वेळेवर झालं, असं लोक म्हणाले. काकांनी आधीच विचार केला म्हणून बरं. मी दिसेल त्याला सांगत सुटले की तो सकाळी गेला नव्हता, दुपारभर बोलत होता, आईची वाट बघत होता. लोक माझ्या डोक्यावरून हात फिरवत. एक बाई म्हणाली, आईच्या समाधानासाठी किती करते पोर. काकांनी वाद घातला नाही. ते फक्त म्हणत, तू बोलतेस तसंच असेल गो. माणसं ज्या आवाजात 'सिरियस हाय' म्हणतात, त्याच आवाजात. आजही पाड्यावर कोणाला विचारा, माझा भाऊ सकाळी पहिला फोन आला त्याच्या आधीच गेलेला होता. काकांचा अंदाज अजून कधीही चुकलेला नाही.

लोकांचं मी सोडून दिलं. आईचं सोडवेना. दर रविवारी मी घरी जायची आणि एकदा तरी तिला सांगायची. आई, त्यानं तुला बोलावलं होतं. आई, तो रस्त्यावरची गावं मोजत होता. आई ऐकून घ्यायची, "बरं गो" म्हणायची आणि चुलीकडे वळायची. तिनं मला कधी खोटं पाडलं नाही. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून ऐकून घ्यायची, हे मला दिसायचं. आम्ही दोघी एकमेकींची समजूत घालत होतो आणि दोघींपैकी एकीलाही तिचा उपयोग नव्हता.

यंदा पावसाच्या तोंडाशी आम्ही दोघी ओट्यावर वाल निवडत बसलो होतो. आई मध्येच म्हणाली, "एक सांग. त्या जीपवाल्या पोरानं मला पुढं का बसवलं? गाडीत दुसरं कोन नव्हतं. मी मागं चढत होते तर उतरवलं मला. बायांना कोन पुढं बसवतो अशा टायमाला?"

मी वाल चिवडत म्हणाले, "दादानंच सांगितलेलं. नळी घालायच्या आधी. बोलला, त्याला फोन कर, आईला पुढं बसव बोल. मागं बसली तर तिला वकारी होते. काच थोडी उघडी ठेव बोल."

आईचा हात सुपात थांबला. गाडीत मागे बसलं की तिला ओकारी येते हे तिला, मला आणि दादाला ठाऊक होतं. बाहेर कोणाला कळू द्यायची तिला लाज वाटायची, आणि मी काही अशी गोष्ट रचून सांगणारी नव्हे. मला वाटलं, चला, अखेर पोचलं. खरंच आनंद झाला मला. दोन पावसाळे गेले होते.

"म्हणजे गाडी यायच्या टायमाला तो जिता होता," आई म्हणाली.

"तेच तर सांगते मी."

"तवा मी जेवत होते."

मी वर बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, अंगणाकडे बघत होती. म्हणाली, "कालवन आवडलं म्हनून मी आजून एक भाकर घेतली."

आणि मग मी घाईघाईनं म्हणाले की नाही, तसं नाही, काका बोलतात तेच खरं, तो सकाळीच गेला होता, मीच उगाच आपलं तुला बरं वाटावं म्हणून इतके दिवस काहीबाही सांगत होते. मला थांबताच येईना. सकाळीच गेला गो, पहिल्या फोनच्या आधी, त्याला काही कळलं पण नाय.

आईनं सूप खाली ठेवलं.

"गप रहा," ती म्हणाली. "तुला खोटं बोलता येत नाय."